सुरतेचें जेवण

“सुरतेचें जेवण आणि काशीचें मरण” ही म्हण मूळची गुजराथी. ज्याला हीं दोन्ही लाभलीं त्याच्या जन्माचें सार्थक झालें, असा तिचा भाव. काशीच्या भागाला अजून अवकाश आहे असें समजून गेल्या जानेवारींत मीं पूर्वार्धापासून आरंभ केला. पहाटेच्या गाडीनें मुंबईहून निघालों, दिवसभर सुरतेंत जेवलों आणि रात्रीं घरीं परत आलों. बरोबर कोणी नव्हतें, तेथें ओळखीचें कोणी नव्हतें, आणि जेवण्याखेरीज दुसरें कामहि नव्हतें. इतिहास शिकविणाऱ्यानें सुरतेस जावें तें तापीकांठचा किल्ला आणि इंग्रज-डचांचीं थडगीं पाहण्यासाठीं, असा सर्वांचा समज. म्हणून घरांत विचारलें तेव्हां “थडगीं पाहून येतों” असें सांगितलें. तीं पाहिलींहि, पण त्यांत अर्धाच तास गेला.

माझे आजोबा १९२० नंतरच्या दशकांत एका दिवाणी दाव्याच्या कामीं चार वेळां सुरतेस गेले होते. लहानपणीं मीं त्यांना तेथलें जेवण कसें असतें तें विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “चार वेळां गेलों, पण तिकडच्या पाण्याचा थेंब तोंडांत घातला नाहीं.” हें ते अभिमानानें सांगत. बरोबर फिरकीचा तांब्या आणि डब्यांत दशम्या. दुधांत भिजविलेल्या पिठाच्या, म्हणून प्रवासांत चालणाऱ्या. चार फेऱ्यांत त्यांनीं सुरत पाहिली ती कचेरीच्या पायरीवरून आणि स्वतःच्या डब्यावरून. गाडींत बसल्या बसल्या मला त्यांची आठवण झाली आणि प्रश्न पडला, कीं केवळ खाण्यासाठीं परक्या शहरीं एकट्यानें जाणें ही गोष्ट आपल्याकडे किती जुनी असावी?

सुरतेंत पहिला मुक्काम तापीच्या कांठीं पोंकाच्या दुकानांपाशीं केला. पोंक म्हणजे कोवळ्या ज्वारीचीं कणसें निखाऱ्यांत भाजून झोडून काढलेले हिरवे दाणे. ते ऊन ऊन कागदावर घेऊन त्यांवर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे पांढरे दाणे घालून खातात. अर्थात् हा आपला हुरडाच. परंतु हुरडा खायला आपण जातों तो कोणाच्या तरी शेतावर, कोणाच्या तरी बोलावण्यावरून. आगटीभोंवतीं बसावयाचें, घरधन्यानें कणसें चोळून दाणे हातावर घालावयाचे, गूळ, दही, चटणी फिरवावयाची. अलीकडे आपल्याकडेहि पैसे देऊन हुरडा मिळूं लागला आहे खरा, पण त्यांतहि ‘पार्टी’ हवी. एकटा मनुष्य आगटीपाशीं ओशाळवाणाच दिसेल. सुरतेंत तोच दाणा तराजूंत पडतो. कोण, कोठचा, कोणाचा पाहुणा, असें दुकानदारानें मला कांहींच विचारलें नाहीं. शंभर ग्रॅम कीं दोनशें, एवढेंच विचारलें.

ऊंधियुंची गोष्ट अशीच. ‘ऊंधुं’ म्हणजे पालथें. भाज्या मडक्यांत भरून, तें मडकें पालथें घालून वरून विस्तव करावयाचा, ही त्याची मूळची रीत. वलसाडकडे ऊंबाडियुं म्हणून ती अजून चालते. आपल्या रायगड जिल्ह्यांतली पोपटी हिचीच सख्खी बहीण. वालाच्या शेंगा, खालींवर भांबुर्डीचा पाला, पालथें मडकें आणि थंडीचे दिवस, सर्व तेंच. सुरतेच्या बाजारांत मात्र मडकें जाऊन पातेलें आलें आहे. कतारगामची पापडी, जांभळा कंद, रताळीं, बटाटे, लहान वांगीं आणि मेथीचीं मुठियां हिरव्या लसणींत व ओल्या खोबऱ्यांत अशीं मुरतात, कीं कोणाची चव कोठें संपली हें जिभेला सांगतां येत नाहीं. यांतला बटाटा आणि रताळें मूळचीं अमेरिकेंतलीं. समुद्रावरून आलेल्या पाहुण्यांना पंक्तीस बसवून घ्यावें तें सुरतेनेंच. तेलाचा हात मात्र फार सढळ. माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्यानें एक वाटीवर थांबावें. मीं थांबलों नाहीं.

मग म्हणींतलें जेवण तें हेंच काय? मला तसें वाटत नाहीं. मूळ शब्द ‘जमण’ असा आहे, आणि जमण म्हणजे पंक्तीचें जेवण. ज्ञातीच्या वाडींत पाटावर बसून आग्रहानें वाढलेलें. मोगल काळांत सुरत हें साम्राज्याचें मोठें बंदर होतें. मक्केचे यात्रेकरू येथूनच जहाजांत चढत. वीरजी वोरासारखे धनाढ्य सावकार येथें नांदत होते. अशा गांवचें तूप-साखर नांवाजलें जावें यांत नवल नाहीं. पण तें ताट ज्ञातीबाहेरच्याला नव्हतें. पैसे मोजून तें मिळत नसे. आमंत्रण लागे, आणि आमंत्रणाला जन्म लागे. इंग्रजांच्या वखारींतहि निराळें ताट मांडलेलें असे. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री १६८९ सालीं सुरतेस यावयास निघाला. वखारींतल्या सामायिक मेजासाठीं इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन तऱ्हेचे आचारी ठेवलेले होते असें तो सांगतो. शहर एकच, परंतु जो तो आपापल्या भिंतीआड जेवीत होता. शिवाजीमहाराजांनीं सुरत लुटली ती १६६४ च्या जानेवारींत आणि पुन्हां १६७० च्या ऑक्टोबरांत. शाळेंत आम्हीं सुरतेला नेहमीं त्या फौजेबरोबरच गेलों. त्या गांवाला वाडे आणि तिजोऱ्या यांच्याशिवाय चुलीहि असतील हें कधीं ध्यानांत आलें नाहीं. आतां ध्यानांत येतें कीं पहिली स्वारी झाली ती कोवळ्या दाण्यांच्या ऐन हंगामांत.

जुन्या काळच्या प्रवाशाला परक्या गांवांत तयार अन्न नको असे, शिधा हवा असे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले, ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळावी म्हणून. ‘माझा प्रवास’ हें त्यांचें पुस्तक आपण बंडाच्या हकीकतीसाठीं वाचतों. पण तसा प्रवास करणाऱ्याला रोज नव्या जागीं चूल मांडावी लागे, हें विसरूं नये. गांव कोणतेंहि असो, ताटांतला वरणभात घरचाच. परमुलुखाची चव घेणें हें प्रवासाचें फळ तर नव्हेच, उलट प्रवासांतलें पाप होतें.

१८६४ सालीं, म्हणजे त्या पहिल्या स्वारीनंतर बरोबर दोनशें वर्षांनीं, मुंबई-सुरत लोहमार्ग पुरा झाला. एका बांकावर कोणीहि कोणाशेजारीं बसूं लागला. पण पोटाला शेजारी मिळाला नाहीं. स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे दोन पुकारे होत. पुण्यांत १८९० सालीं मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झालें, मग सामान्य कारकुनाची कथा काय?

येथपर्यंत मीं आजोबांच्या डब्याकडे थोड्या कौतुकानें पाहत आलों. परंतु दुसराहि एक डबा आहे आणि तो आठवला म्हणजे कौतुक मावळतें. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून कोरेगांवास वडिलांकडे निघालेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा, भाऊ व भाचे यांच्यासह, मसूर स्टेशनावर उतरला. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. मिळाला तो मुलांनीं गाडी स्वतः हांकावी या अटीवर. मुलांजवळ जेवण भरपूर होतें, पण जवळ पाणी नव्हतें, आणि वाटेंत पाणी कोणी दिलें नाहीं. भरल्या टोपलीसह तीं पोरें उपाशी निजलीं. तो मुलगा म्हणजे डॉ. आंबेडकर, ही हकीकत त्यांनीं स्वतःच इंग्रजींत लिहून ठेविली आहे. माझे आजोबा सुरतेस उपाशी राहिले ते स्वतःच्या मर्जीनें, आणि हीं मुलें उपाशी राहिलीं तीं दुसऱ्यांच्या मर्जीनें. दोन्ही उपासांना शास्त्र मात्र एकच होतें, आणि आजोबांच्या अभिमानाची किंमत तीं मुलें देत होतीं.

१९५० सालीं अंमलांत आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचीं नांवें मुद्दाम घातलेलीं आहेत. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाहि तेथें मज्जाव करतां येणार नाहीं. राज्यघटनेसारख्या गंभीर ग्रंथांत भजीं-चहाच्या दुकानाची वार्ता कशाला, असें विद्यार्थी कधीं कधीं विचारतात. त्यांना मी मसूरचें स्टेशन सांगतों.

दार उघडें झालें तरी आंत जावेंसें वाटलें पाहिजे, ही बाब निराळी. १९९४ च्या सप्टेंबरांत सुरतेंत प्लेगाची आवई उठली आणि लाखों लोक शहर सोडून पळाले. ज्या गांवच्या जेवणासाठीं जन्म घ्यावा म्हणत, त्या गांवांत पाणी पिण्याची धास्ती वाटूं लागली. पुढच्या वर्षीं एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनीं रस्ते व गटारें झाडलींच, परंतु खाण्यापिण्याच्या दुकानांवरहि नजर ठेविली. घाण ठेवणाऱ्यांत लहान-मोठा असा भेद केला नाहीं. मीं निर्धास्तपणें लोचो खाल्ला त्यांत त्या झाडूचा वांटा आहे. लोचो म्हणजे वाटलेल्या चणाडाळीचा, वाफवलेला पण आकार न धरलेला गोळा. वर तेल, शेव आणि कांदा. दिसायला फजिती, पण चवीला फर्मास.

दुपारीं एका खाणावळींत थाळी घेतली. घारी वाढली, ही आपल्या भोपळ्याच्या घारीची केवळ नांवबहीण, अंगानें मावा, सुकामेवा आणि तूप. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीं, चंदनी पडव्याला, सारी सुरत ती खाते. वाढणारा पोऱ्या “काका, लो ने, थोडुंक” म्हणून आग्रह करीत होता. पगारी आग्रह खरा, पण मला एकट्याला त्यानेंहि बरें वाटलें. समोर भडोचचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनीं हिंदींत मी कोठचा तें विचारलें. मुंबईचा, म्हणून सांगितलें. “तें नव्हे, आडनांव काय?” मीं सांगितलें. त्यांनीं मान डोलावली आणि आपल्यापुढची लोणच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. लोणचें उत्तम होतें. पण तें जिभेवर असतांना मला मसूरच्या स्टेशनावरची ती भरली टोपली दिसत राहिली, आणि हातांतला घांस कांहीं वेळ हातांतच राहिला.

परतीच्या गाडीपूर्वीं कतारगामची किलोभर पापडी घेतली. रात्रीं दार उघडतांच मंडळींनीं पिशवींत डोकावून पाहिलें आणि विचारलें, “थडग्यांवर ही पिकते वाटतें?” दुसऱ्या दिवशीं तिची पोपटी झाली. भांबुर्डीचा पाला मुंबईंत मिळाला नाहीं, म्हणून केळीच्या पानावर भागविलें. शेजारच्या दोन घरीं वाट्या गेल्या.