सातासमुद्रापार गेलेल्या खापरपणजोबांचा माग

वंशावळ म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सरदार-इनामदारांची घराणी उभी राहतात. त्यांच्या सनदा असतात, बखरी असतात, वाड्यात जपलेली दप्तरे असतात. ज्याच्या नावावर बिघाभर जमीनही नव्हती, त्या कुळवाड्याचा इतिहास कुठे लिहिलेला असणार, असे आपण सहज म्हणून जातो. पण गंमत अशी की, इंग्रजी अमलात काही अगदी गरीब माणसांची जेवढी बारीक नोंद झाली, तेवढी कित्येक इनामदारांचीही झालेली नाही. ही माणसे म्हणजे कराराने परमुलखात मजुरीला गेलेले आपले लोक. त्यांतल्या मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांचा माग कसा काढतात, ते आज पाहू.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले लहानसे बेट. इंग्रजांनी ते १८१० साली फ्रेंचांकडून घेतले. तेथे उसाचे मळे होते आणि त्यांत राबायला गुलाम होते. १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. ती बंद होणार हे दिसू लागताच मळेवाल्यांना माणसे हवी झाली. ती हिंदुस्थानातून न्यावीत, असे ठरले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात लागले. तेव्हापासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. बहुतेक जण कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून गेले. मुंबई बंदरातून गेले ते त्या मानाने थोडे. पण त्यांतच आपल्या कोकणातली आणि थोडीफार घाटावरची माणसे होती.

ही माणसे घर सोडून का गेली? हौसेने कोण जाणार! खोताचा वसूल, सावकाराचे देणे आणि भातावर चार महिनेही न निघणारी शेती. कोकणातला तरुण पोटासाठी मुंबईला येतच होता. तेथे दलाल भेटे. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार, वर तांदूळ-डाळ आणि अंगावरचा कपडा, असे तो सांगे. काय सांगत नसे, ते तेथे गेल्यावर कळे. एक दिवस कामावर गेले नाही, तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. मळा सोडून परवान्याशिवाय बाहेर हिंडले, तर तुरुंग ठरलेला.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. जहाजातून उतरलेल्या माणसाला पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या सोळा पायऱ्या चढून छावणीत जावे लागे. आज त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली तिची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. तेथे कारकून प्रत्येकाला एक नंबर देई आणि वहीत त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज आणि आल्याची तारीख लिही. तो कुठल्या मळ्यावर गेला, तेही लिहिले जाई. पुढे १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रे काढण्याची पद्धत सुरू झाली. हे सारे मजुरावर नजर ठेवण्यासाठी होते, त्याच्या कल्याणासाठी नव्हे. पण पळून जाणाऱ्याला धरण्यासाठी लिहिलेली हीच वही आज त्याच्या खापरपणतवाला घरची वाट दाखवते. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत.

माग काढणाऱ्याने सुरुवात मात्र वहीपासून करायची नसते. आधी घरातली म्हातारी माणसे गाठायची. मग आपल्या जन्माच्या दाखल्यावरून बापाचा, बापाच्या दाखल्यावरून आजोबांचा, असे एकेक पायरी उतरत जायचे. आजोबा-पणजोबांच्या लग्नाच्या किंवा मृत्यूच्या दाखल्यात तो नंबर सापडला, की निम्मे काम झाले. नुसत्या नावावर विसंबू नये. सखाराम, रामजी, गोविंद ही नावे शेकड्यांनी आहेत. नाव, बापाचे नाव, वय आणि जहाज ही चारही जुळली, तरच तो आपला माणूस समजावा.

आडनावाचाही एक घोटाळा आहे. त्या काळी साधा कुळवाडी आडनाव लावत नसे. वहीत ‘रामजी, बापाचे नाव सखाराम’ एवढेच लिहिलेले असे. पुढे त्याच्या मुलांना बापाचे नावच आडनाव म्हणून चिकटले. म्हणून मॉरिशसमधला ‘रामजी’ आडनावाचा गृहस्थ आपल्याकडे आला, तर रामजी आडनावाचे घर शोधून त्याला काही लाभायचे नाही. रामजी हा त्याचा मूळपुरुष!

बायकांचा माग तर पुष्कळ जण विसरूनच जातात. जहाजातून आलेल्या बाईलाही स्वतःचा नंबर होता, आणि त्यापुढे तिच्या बापाचे नाव व तिचे गाव असू शकते. पणजोबांचा कागद मिळत नसेल, तर पणजीचा शोधावा. तिचे माहेरही आपलेच आहे.

यापुढचे काम अवघड, आणि ते आपल्याकडचे आहे. मजुराने गावाचे नाव आपल्या बोलीत सांगितले. कारकुनाने ते आपल्या कानाने ऐकले आणि रोमन लिपीत उतरवले. त्यात ‘ळ’चा ‘ल’ झाला, ‘ण’चा ‘न’ झाला, शेवटची ‘वाडी’ गळाली. समजा, वहीत ‘कोलम, जिल्हा रत्नागिरी’ असे निघाले. तर ते मालवणजवळचे कोळंब असेल, किंवा रत्नागिरीकडचे कोळंबे असेल. नांदगाव कणकवलीकडेही आहे आणि मुरूडकडेही आहे. जिल्ह्यांच्या हद्दीही त्या राहिलेल्या नाहीत. सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होते. जुन्या रत्नागिरीतून १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच साली कुलाब्याचे नाव रायगड पडले. म्हणून वहीत रत्नागिरी दिसले, तरी मालवण, वेंगुर्ले, देवगड धुंडाळायला हवेत.

गाव ठरले, की गावातल्या खुणा पाहायच्या. कोकणात वाडीला घराण्याचे नाव असते. त्यावरून कुळी कळते; कुळदेवतेवरून ती ताडून पाहता येते. जन्ममृत्यूच्या नोंदींचा जुना गाव नमुना १४ असतो, जमिनीचे जुने कागद असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळी असतात. ज्याला मुंबईपर्यंतचे भाडे जमवणे जड, तो त्र्यंबकला गेला असेलच असे नाही. पण त्याचा सुखवस्तू भाऊबंद गेला असेल, आणि त्याने सगळ्या कुटुंबाची नावे सांगितली असतील.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. परदेशातून कोणी मूळ घर शोधत आला, की गावात कुजबुज सुरू होते, “जमिनीला वाटेकरी आला की काय?” ही भीती समजण्यासारखी आहे, खातेफोड आणि कोर्टकचेऱ्यांनी आपण पोळलेले आहोत. पण हा माणूस सात-बारा मागायला आलेला नसतो. देवळापुढे उभे राहून नारळ ठेवावा, एवढीच पुष्कळांची इच्छा असते. काहींचे सरकारी कामही असते. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या, तेव्हा भारतीय वंशाच्या तेथील सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळण्याची सोय जाहीर झाली. त्यासाठी मूळपुरुषाचा कागद लागतो.

आणि हे लोक आपल्याला विसरलेले नाहीत. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या जाखडीला तेथे झाकरी म्हणतात, आणि शाळांतून मराठी शिकवले जाते. आपण मात्र त्यांना विसरलो. परागंदा झालेल्याचे नाव घरात काढायचे नाही, अशी आपली रीत. कर्ज टाकून गेला, भांडून गेला, जातीबाहेर पडला, असे काही निघेल म्हणून आपण गप्प बसतो. निघाले तर निघू द्यावे. पोटासाठी घर सोडणे हा काही गुन्हा नव्हे. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ साली वरिष्ठ कायदे मंडळात ही करारपद्धत साफ बंद करावी, असा ठराव मांडला होता. सरकारी बहुमताने तो पडला. पण १९१७ साली मजुरांची ही रवानगी थांबवावीच लागली.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या शाळेत जुने दाखल-खारीज रजिस्टर असेल, तर त्याला वाळवी लागू देऊ नका. मुलांना एक काम द्या. वाडीतल्या जुन्या माणसांकडून शेतांची, पाणंदींची, ओस पडलेल्या घरठाणांची नावे लिहून आणायला सांगा. “या जोत्यावर कोणाचे घर होते आणि ते लोक कुठे गेले?” एवढे विचारायला सांगा. ती वही शाळेच्या कपाटात राहू द्या. उद्या कोणी परका माणूस चुकीच्या स्पेलिंगचा कागद हातात घेऊन गावात येईल आणि लोक त्याला मास्तरांकडे पाठवतील. तेव्हा त्याला दाखवायला आपल्यापाशी ती वही असेल.