खाणीतील कॅनरी पक्षी

दगडी कोळशाच्या खाणीत स्फोट वा आग झाल्यावर साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूची पूर्वसूचना मिळावी, म्हणून बचाव पथके बरोबर नेत असत तो पिंजऱ्यातील पक्षी. कॅनरी (सेरिनस कॅनॅरिया) मूळचा कॅनरी, मादीरा व अझोर्स बेटांवरील असून त्याच्या गोड गाण्यामुळे तो यूरोपात घरोघर पाळला जात असे.

कार्बन मोनॉक्साइडाला रंग वा वास नसतो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनापेक्षा दोनशेपटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो; त्यामुळे ऊतकांना ऑक्सिजन मिळेनासा होतो. या विषबाधेचे मर्म क्लोद बेर्नार यांनी १८५७ च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले होते. परंतु खाणकामगारांना त्याचा लाभ मिळण्यास बराच काळ जावा लागला.

वेल्समधील टायलर्सटाउन येथे २७ जानेवारी १८९६ रोजी झालेल्या स्फोटात ५७ कामगार मृत्यू पावले. शरीरक्रियावैज्ञानिक जॉन स्कॉट हाल्डेन (१८६०–१९३६) यांनी प्रेतांची तपासणी केली असता, बहुसंख्य मृत्यू भाजल्याने वा आघाताने नव्हे, तर या वायूने झाल्याचे आढळले. माणसास मारक ठरेल इतका वायू हवेत असतानाही सुरक्षादीप नेहमीप्रमाणे जळत राहतो, हे यातील खरे संकट होय. हाल्डेन यांनी स्वतः हा वायू हुंगून त्याचे परिणाम नोंदविले होते (१८९५). लहान प्राण्यांचा चयापचय जलद असल्याने त्यांना माणसापेक्षा सुमारे वीसपट लवकर बाधा होते, म्हणून उंदीर वा लहान पक्षी बरोबर न्यावा, असे त्यांनी सुचविले. पक्षी दांडीवरून पडलेला चटकन दिसतो. उंदराच्या बाबतीत असे स्पष्ट लक्षण मिळत नाही. मात्र पक्षी माणसाहून अधिक संवेदनशील नसून केवळ अधिक त्वरेने बाधित होतो, हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

१९११ च्या कायद्यानंतर ब्रिटनमधील बचाव केंद्रांत कॅनरी ठेवणे आवश्यक झाले. पक्षी हटकून मरत असे, ही समजूतही बरोबर नाही. एका विशेष पिंजऱ्याच्या माथ्यावर ऑक्सिजनाचे नळकांडे असे व तेच मुठीचे काम करी. पक्षी कोसळताच दार बंद करून झडप उघडीत व तो पुन्हा शुद्धीवर येई. पहिल्या महायुद्धात सुरुंग खोदणाऱ्या तुकड्यांनीही कॅनरी व उंदीर वापरले. ब्रिटिश खाणींतील दोनशेहून अधिक पक्ष्यांऐवजी इलेक्ट्रॉनीय अभिज्ञातक वापरण्याचा निर्णय १९८६ मध्ये घेण्यात आला. आपल्या पक्ष्यांशी शीळ घालून बोलणाऱ्या अनेक खाणकामगारांना तो रुचला नाही.