खर्रा, कॅन्सर आणि नवरा-बायकोतलं बोलणं

भद्रावती तालुक्यातल्या माजरीसारख्या कोळशाच्या गावात कॅन्सर पुष्कळदा तोंडातून घरात शिरतो. गुटखाबंदी 2012 साली आली, पण सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा विदर्भात पाळीवरच्या माणसाच्या खिशातून हलला नाही. सुपारीने गालाची आतली बाजू ताठरते, तोंड उघडेनासं होतं. काहींच्या बाबतीत पुढे गाठ येते. जबड्याची शस्त्रक्रिया झाली की जेवण नाकातल्या नळीने आणि शब्द अस्पष्ट. आजारातल्या दांपत्याने मोकळं बोलावं असा सल्ला देणारी पुस्तकं रुग्णाला बोलता येतं हे धरून चालतात. इथे नेमका तोच अवयव गेलेला असतो.

तरी अबोला शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू झालेला असतो. तपासणीचा कागद नवरा लपवतो, बायकोला तो आधीच कळलेला असतो, आणि दोघंही एकमेकांना जपतात. हृदयविकाराचा झटका आलेल्यांच्या बायकांवरच्या 1991 च्या अभ्यासात जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ यांना दिसलं, की काळजी गिळून वावरणाऱ्या बायकांचा स्वतःचा ताण जास्त होता. माजरीत त्या गिळण्यात आणखी एक वाक्य असतं: ‘मी म्हनत होती नं, खर्रा सोडा म्हनून.’ ते खरं असतं. म्हणूनच बोललं तरी जखम, नाही बोललं तरी कुढणं.

स्विस मानसशास्त्रज्ञ बोडेनमान यांची मांडणी इथे उपयोगी पडते: एकाचा ताण दोघांचा मानून दोघांनी मिळून तो पेलायचा. पण हे भावना बोलूनच साधतं, असं मला वाटत नाही. नळीतून जाईल इतकी पेज पातळ करणं, ती गाळणं, त्याने बोटाने ‘थांब’ म्हणणं आणि तिने थांबणं, हाही संवादच आहे. समुपदेशक मन मोकळं करा म्हणतात; बहुतेक घरांत मन मोकळं होण्याआधी हिशेब मोकळा व्हावा लागतो.

हिशेब मात्र सगळ्यांचा सारखा नसतो. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीच्या) कायम कामगाराला कंपनीच्या वैद्यकीय सुविधेचा आधार असतो. ठेकेदाराकडच्या कामगाराची गैरहजेरी म्हणजे बुडालेली मजुरी, आणि उपचाराला महात्मा फुले जनआरोग्य योजना. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात किरणोपचार कित्येक आठवडे चालू शकतात. रेल्वेची सवलत रुग्णाबरोबर सोबत्यालाही मिळते, पण सोबत कोणी जायचं आणि पोरांपाशी कोणी राहायचं? कुटुंबांच्या अभ्यासक फ्रोमा वॉल्श कुटुंबाच्या चिवटपणात भूमिका बदलण्याच्या लवचिकतेला मोठं स्थान देतात, ती इथे कसाला लागते.

सर्वांत अवघड बोलणं नोकरीचं. कोळसा कामगारांच्या राष्ट्रीय वेतन करारात, कामगार कायमचा अपात्र ठरला किंवा नोकरीत असताना वारला, तर आश्रिताला नोकरीची तरतूद आहे. मग मुलगा की बायको, हा प्रश्न रुग्ण जिवंत असतानाच घरात येऊन बसतो. नवऱ्याने स्वतः विषय काढला तर तो व्यवस्थेचा राहतो. दिराने काढला तर रुग्णाच्या मरणाची वाट पाहिल्यासारखा वाटतो.

आणि आजारी बायको असेल तेव्हा? अमेरिकेतल्या 2009 च्या एका अभ्यासात गंभीर आजारानंतर जोडपी विभक्त होण्याचं प्रमाण, रुग्ण पुरुष असताना 2.9 टक्के आणि स्त्री असताना 20.8 टक्के निघालं. आपल्याकडे घटस्फोट क्वचित होतो. तिला ‘आरामाला’ माहेरी धाडतात, आणि परत कधी आणायचं हे कोणी बोलत नाही.