पोतं, डबा आणि पुडी: गार्डन रीचचा हिशेब

आज लढाई नाही, तह नाही. आज आपण वेष्टणाचा, म्हणजे बारदानाचा इतिहास बघणार आहोत. पण सुरुवात फायरिंग रेंजवरूनच करतो, कारण मला हा विषय तिथे कळला.

मी नवा लेफ्टनंट होतो. दिवसभराचा सराव संपला आणि रिकाम्या पुंगळ्या मोजल्या, तर अकरा कमी. मला वाटलं, गोळ्या झाडून झाल्या, आता पुंगळ्यांचं काय एवढं? आमचे सुभेदार म्हणाले, “साहेब, माल दिला हा निम्मा हिशेब. रिकामं परत आलं की पुरा.” अख्खी प्लाटून अंधार पडेपर्यंत गवतात वाकली होती. नऊ सापडल्या. उरलेल्या दोनसाठी मला लेखी खुलासा द्यावा लागला.

आज सरकार कारखान्यांकडे हाच रिकाम्याचा हिशेब मागतं आहे. तो मागायची वेळ का आली, हे कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये नीट दिसतं.

1990 च्या दशकात मी फोर्ट विल्यमला होतो. कामासाठी गोदीकडे जाणं व्हायचं. खिदिरपूर मागे टाकलं की हुगळीच्या काठाने गार्डन रीच लागतं. शेजारी मटियाबुर्ज. अवधचं राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह 1856 मध्ये इथे आले आणि 1887 मध्ये इथेच वारले. नवाबी संपली आणि या काठावर गोद्या, गिरण्या, कारखाने उभे राहिले.

पहिलं वेष्टण पोत्याचं. 1855 मध्ये रिश्र्याला पहिली ताग गिरणी निघाली आणि पुढे हुगळीच्या दोन्ही काठांवर, गार्डन रीच रोडवरसुद्धा, गिरण्या आल्या. 1892 मध्ये खिदिरपूर गोदी सुरू झाली. इथलं गोणपाट जगभर गेलं. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढे रचलेली वाळूची पोती मोठ्या प्रमाणावर बंगालच्या तागाची होती. 1947 च्या फाळणीत गिरण्या इकडे राहिल्या आणि तागाची बरीचशी शेतं पूर्व पाकिस्तानात गेली. त्यातून उद्योग सावरतो तोच प्लास्टिकचं पोतं आलं.

म्हणून 1987 मध्ये कायदा झाला: ठरावीक माल तागाच्याच पोत्यात भरायचा. अलीकडच्या वर्षांत धान्यासाठी हे प्रमाण 100 टक्के आणि साखरेसाठी 20 टक्के आहे. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांना ते चांगलं ठाऊक आहे. पण लक्षात घ्या, हा कायदा पर्यावरणासाठी केलेला नव्हता. ताग पिकवणाऱ्याचं आणि विणणाऱ्याचं पोट सांभाळायला तो केला होता.

दुसरं वेष्टण डब्याचं. 1934 मध्ये लीव्हर ब्रदर्सने गार्डन रीचचा नॉर्थ-वेस्ट सोप कंपनीचा कारखाना भाड्याने घेऊन वाढवला. याच समूहाचा डालडा 1937 मध्ये बाजारात आला. त्याचा डबा आठवतो ना? तूप संपलं की त्यात डाळ, मग खिळे, शेवटी तुळस. पोत्याचंही तेच. आमच्याकडे पावसात त्याची खोळ व्हायची, मग पायपुसणं व्हायचं. रिकामं झालं म्हणून कोणी ते टाकत नव्हतं. हिशेब घरातच पुरा होत होता.

तिसरं वेष्टण पुडीचं. 1983 मध्ये तमिळनाडूत चिक शांपूची पुडी आली आणि मग सगळ्याच कंपन्यांनी पुड्या काढल्या. मी पुडीला शिव्या देणार नाही. रोजावर काम करणाऱ्या शिंप्याला किंवा हमालाला अख्खी बाटली परवडत नव्हती, पुडी परवडली. पण तिला दुसरा जन्म नाही. कचरावेचक बाटली उचलतो, कारण भंगारवाला पैसे देतो. पुडी तो सोडून देतो. सरकारच्या कितीतरी आधी ही वर्गवारी त्यानेच केली होती.

सरकारी वर्गवारी 2022 च्या फेब्रुवारीत आली. गट चार. पहिला कडक प्लास्टिकचा: बाटल्या, डबे. दुसरा लवचिक प्लास्टिकचा: पिशव्या, पुड्या. तिसरा बहुस्तरीय: प्लास्टिकला कागद किंवा ॲल्युमिनियमसारखा दुसरा थर जोडलेला. चौथा कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचा. म्हणजे हाताला सारख्याच लागणाऱ्या दोन पुड्या, पण एकीत ॲल्युमिनियमचा केसाहून पातळ थर असेल तर तिचा गट बदलतो. पुनर्प्रक्रियेचं लक्ष्यही गटावर ठरतं: 2027-28 पर्यंत पहिल्याला 80 टक्के, तिसऱ्याला 60.

इथे शब्दांना फार किंमत आहे. 2016 च्या नियमांत पुनर्प्रक्रिया न होणारं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं ठरलं होतं. 2018 च्या दुरुस्तीत शब्द वाढले: ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, असं प्लास्टिक. भट्टीत जाळून उष्णता मिळाली तरी चालेल, म्हणजे बंदीतून जवळजवळ सगळंच सुटलं. एका ओळीच्या दुरुस्तीने पुडीला अभय मिळालं.

आणि हिशेब? कंपनीने स्वतः कचरा गोळा करावा, किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी सुमारे 6 लाख प्रमाणपत्रं बनावट निघाली. आमच्या भाषेत सांगायचं तर पुंगळ्या गवतातच होत्या आणि वहीत जमा झाल्या होत्या.

वर्गवारी हवीच. फौजेत भांडारातल्या प्रत्येक वस्तूला वर्ग असतो, त्याशिवाय कोठार चालत नाही. पण वर्ग लिहून वस्तू परत येत नाही. ती आणायला कोणीतरी वाकावं लागतं. आज वाकतो तो कचरावेचक, आणि तिसऱ्या गटाची पुडी उचलल्याबद्दल त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. तिला भाव येईल असा नियम होत नाही, तोवर ती गटारातच राहणार.

त्या दोन पुंगळ्यांचा खुलासा मी दिला होता. कोट्यवधी पुड्यांचा खुलासा कोण देणार, हे मला विचारायचं आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.