विनोदी नटाचा शोक आणि ग्रामीण प्रेक्षकांची स्मृती : दादा कोंडके यांच्या निधनाच्या संदर्भात

प्रस्तावना

१९९८ च्या आरंभी अवघ्या पंधरा दिवसांच्या अंतराने मराठी प्रेक्षकांनी दोन विनोदी नट गमावले. २८ फेब्रुवारी रोजी राजा गोसावी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रयोगाच्या तयारीत असतानाच निवर्तले. १४ मार्च रोजी मुंबईत दादा कोंडके यांचे हृदयविकाराने निधन झाले. पहिला नट राजा परांजपे यांच्या 'लाखाची गोष्ट' (१९५२) या चित्रपटापासून शहरी मध्यमवर्गाच्या घरातला झालेला. दुसरा गिरणगावात वाढून खेड्यापाड्यांतील प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला. गोसावींच्या पश्चात त्यांच्याविषयी लिहिणारे त्यांच्याच प्रेक्षकांतून निघाले. कोंडके यांचा प्रेक्षक मात्र बहुतांशी लेखणी हाती न धरणारा होता. त्यामुळे त्यांच्याविषयी जे छापले गेले ते मुख्यतः इतरांनी लिहिलेले आहे. ज्यांनी खरोखर दुःख केले त्यांचे म्हणणे कागदावर फारसे उतरलेच नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास ही बाब अडचणीची वाटली पाहिजे. एखाद्या नेत्याच्या मृत्यूनंतरचा शोक ठराव, तारा, बंद, मिरवणूक, पुतळा अशा खुणा मागे ठेवतो. विनोदी नटाच्या मृत्यूनंतर सामान्य माणूस काय करतो? तो त्याचा एखादा प्रसंग चार जणांत करून दाखवतो व हसतो. हे हसणे शोकाचेच एक रूप आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याचा विचार नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील नामपूर व मोसम खोऱ्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून येथे केला आहे. मोसमकाठचे नामपूर हे कांदा-डाळिंबाच्या व्यापाराचे, अहिराणी बोलणाऱ्या पंचक्रोशीचे बाजारगाव. अशा गावांना करमणूक मुंबई-पुण्याहून थेट मिळत नसे. ती मालेगाव-सटाण्याच्या चित्रपटगृहांतून, फिरत्या टुरिंग टॉकीजच्या तंबूतून आणि यात्रेतील तमाशाच्या कनातीतून येत असे.

सोंगाड्याची जागा

दादा कोंडके यांना ग्रामीण प्रेक्षकाने इतक्या चटकन आपले का मानले, याचे उत्तर चित्रपटाच्या इतिहासापेक्षा तमाशाच्या इतिहासात अधिक सापडते. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमातील गौळण-बतावणीत सोंगाड्याची जागा ठरलेली असते. तो मूर्खाचे सोंग घेतो आणि शहाण्यांना उघडे पाडतो. राजालाही उलट प्रश्न विचारण्याची मुभा त्याला असते. ठरीव संहिता त्याला बांधत नाही. समोरच्या गावातील पाण्याची टंचाई, सावकार, पुढारी, जे हाती लागेल ते तो बतावणीत ओढतो. खानदेशात वहीगायनासारख्या प्रकारांतही सोंगाड्या आहेच. म्हणजे मोसम खोऱ्यातील प्रेक्षकाच्या मनात ही जागा पिढ्यानुपिढ्या तयार होती. कोंडके त्या जागेवर येऊन उभे राहिले.

८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईतील कामगार कुटुंबात जन्मलेले कृष्णा कोंडके बँडपथक, 'अपना बाजार'मधील नोकरी आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक अशा वाटेने रंगभूमीवर आले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या वगनाट्याने त्यांना महाराष्ट्रभर नेले. या नाटकात सबनीसांनी जुन्या वगाची चौकट शहरी रंगमंचावर आणली. कोंडके यांनी तीत उत्स्फूर्त भर घालण्याची सोंगाड्याची जुनी रीत राखली. भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती' (१९६९) नंतर १९७१ साली आलेल्या 'सोंगाड्या'त तर तमाशाच्या नादी लागलेला भोळा नाम्या हाच नायक झाला. आजवर कनातीत बसून सोंगाड्याला हसणारा प्रेक्षकच जणू पडद्यावर गेला. लोंबणाऱ्या नाडीची ढगळ अर्धी विजार आणि रत्नमाला यांनी अनेक चित्रपटांत उभी केलेली आई या दोन गोष्टी त्या प्रेक्षकाला घरच्या होत्या.

मुंबईत 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा नाकारून देव आनंद यांचा 'तेरे मेरे सपने' लावण्याचे ठरले, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसेनेने त्यात हस्तक्षेप केला, हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. तो राजकीय इतिहासात महत्त्वाचा असला तरी ग्रामीण प्रेक्षकाची गोष्ट त्यात येत नाही. त्याच्या दृष्टीने याहून मोठा योगायोग वेगळाच होता. 'सोंगाड्या' (१९७१), 'एकटा जीव सदाशिव' (१९७२) आणि 'आंधळा मारतो डोळा' (१९७३) हे तीन चित्रपट महाराष्ट्रातील मोठ्या दुष्काळाच्या अगदी अलीकडे-पलीकडे आले. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या, सुकडीवर दिवस काढणाऱ्या माणसाला पडद्यावरचा हा अडाणी, उपाशी परंतु कुणापुढे न वाकणारा नायक काय वाटला असेल, याचा विचार मराठी चित्रपटसमीक्षेने फारसा केलेला नाही. तिने द्व्यर्थी संवाद मोजले. कोंडके यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव गाठल्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्या पंचवीस-पंचवीस आठवड्यांमागे कोण बसले होते हा प्रश्न मात्र आकड्यामागे झाकला गेला.

शिमग्यानंतरचा दिवस

१९९८ साली धुळवड १३ मार्च रोजी होती आणि कोंडके यांचे निधन दुसऱ्या दिवशी झाले. या योगायोगास अकारण अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. तथापि त्यांच्या विनोदाची मुळे समजून घेताना शिमग्याचा संदर्भ टाळता येत नाही. होळीच्या दिवसांत बोंब मारण्यास, एरवी न उच्चारले जाणारे शब्द उच्चारण्यास आणि थोरामोठ्यांची टर उडवण्यास गावसंस्थेत मान्यता होती. ती मान्यता मोजक्या दिवसांची होती व दिवस संपले की भाषा पुन्हा सोवळी होत असे. कोंडके यांनी हीच मुभा तीन तासांच्या तिकिटावर वर्षभर उपलब्ध करून दिली, असे म्हणता येईल. सेन्सॉर मंडळाशी त्यांचे सतत खटके उडाले ते यामुळेच.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. त्यांच्या उत्तरकाळातील चित्रपटांत सोंगाड्याचा उपरोध क्षीण होत गेला आणि स्त्रीदेहावरील श्लेष तेवढा उरला. शीर्षके पाहिली तरी हा उतार लक्षात येतो. 'पांडू हवालदार' (१९७५) मध्ये पोलिसी खाक्याची जी थट्टा आहे तिच्या तोडीचे काही नंतर क्वचितच आढळते. चाहत्यांच्या आठवणींत मात्र हा भेद राहत नाही. त्यांना सगळे दादा एकच असतात. शोकस्मृती निवड करते, पण ती समीक्षकाच्या कसोटीने करीत नाही. तिच्यात 'आये' अशी हाक राहते, नाडी राहते, एखाद्या शब्दावरचा थांबा राहतो. कथानक गळून पडते.

१२ जून २००० रोजी पु. ल. देशपांडे गेले तेव्हाचा शोक याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. पु. लं.च्या वाचकाजवळ पुस्तके होती, ध्वनिफिती होत्या, स्मरणलेख लिहिण्याची सवय होती. त्याने आपले दुःख लगेच लेखनात मांडले व ते ग्रंथालयात जमा झाले. दोघांनीही महाराष्ट्राला हसवले. पण एकाच्या चाहत्यांचा शोक दफ्तरात गेला आणि दुसऱ्याच्या चाहत्यांचा हवेत विरला. साहित्याचा इतिहास लिहिताना ही असमानता सहज विसरली जाते. विशेष म्हणजे पु. लं.ना स्वतःला तमाशातील विनोदी नटाच्या एकाकीपणाची जाण होती. जब्बार पटेल दिग्दर्शित 'एक होता विदूषक' (१९९२) हा त्यांनी लिहिलेला चित्रपट याच विषयावर आहे. त्यातील विदूषक लक्ष्मीकांत बेर्डे यांनी केला. हसवणारा बेर्डे पाहण्यास आलेल्या प्रेक्षकाला तो गंभीर बेर्डे पचला नाही व चित्रपटास अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे अकाली गेले, तेव्हा हा चित्रपट अनेकांना नव्याने आठवला असल्यास नवल नाही. त्यांची लोकस्मृती मात्र 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) वरच उभी आहे.

नक्कल हीच आठवण

विनोदी नटाला आठवण्याची लोकांची रीत नकलेची आहे, हे महाराष्ट्राबाहेरही दिसते. कच्छमधील आदिपूर येथे १९७३ पासून दरवर्षी १६ एप्रिल रोजी चार्ली चॅप्लिन यांची जयंती साजरी होते. लहानथोर माणसे मिशी लावून, टोपी-काठी घेऊन रस्त्यावरून चालतात. चॅप्लिन २५ डिसेंबर १९७७ रोजी निवर्तले. मिरवणूक थांबली नाही. मेक्सिकोतील कॅन्टिनफ्लास यांचे उदाहरण कोंडके यांना अधिक जवळचे आहे. तेही तंबूतल्या फिरत्या खेळांतून वर आले, तेही ढिल्या विजारीतला गरीब माणूस रंगवीत आणि शब्दांचा गोंधळ घालून वकील-अधिकाऱ्यांची भंबेरी उडवीत. त्यांच्या नावावरून तयार झालेले क्रियापद स्पॅनिश भाषेच्या अकादमीने १९९२ साली कोशात घेतले. २० एप्रिल १९९३ रोजी ते गेले तेव्हा हजारो लोक पावसात अंत्यदर्शनासाठी उभे होते. तेथील राष्ट्राने तंबूतल्या विदूषकाला आपल्या सर्वोच्च कलामंदिरात निरोप दिला. भाषेने त्याला शब्द म्हणून ठेवून घेतले. मराठी कोशकारांना असे काही सुचले नाही.

मोसमच्या काठाने खाली उतरल्यास जे मालेगाव लागते, तेथील दाखला तर घरचाच आहे. यंत्रमागाच्या या शहरात शेख नासिर यांनी स्थानिक कामगारांना घेऊन गाजलेल्या चित्रपटांची विडंबने काढली. 'मालेगाव के शोले' (२०००) हे त्यांपैकी प्रसिद्ध. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये शफीक शेख हा किडकिडीत यंत्रमाग कामगार सुपरमॅन झाला. या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी केलेला माहितीपट २०१२ साली चित्रपटगृहांत आला, तेव्हा तो पाहण्यास शफीक हयात नव्हते. कर्करोगाने त्यांचा अंत झाला होता. २०२५ मध्ये रीमा कागती यांच्या 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'मुळे त्यांचे नाव देशभर गेले. कोंडके यांच्या मानाने हा अगदी लहान नट. परंतु गावाने आपल्यातल्याच एका हसवणाऱ्याला आठवण्याची जी रीत येथे दिसते ती तीच आहे: त्याचे काम पुन्हा लावायचे आणि मिळून पाहायचे.

तमाशाच्या फडांनी ही रीत नावातच बांधून ठेवली आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या नावात वडील चालत राहिले. कांताबाई सातारकर २०२१ साली गेल्या. त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर हे स्वतः सोंगाड्याचे काम करणारे. फडाच्या बोर्डावरचे नाव हेच येथे स्मारक असते आणि ते दर यात्रेला गावोगाव फिरते. एका जागी उभ्या असलेल्या पुतळ्यापेक्षा ते अधिक टिकाऊ आहे की नाही, हे फड किती वर्षे तग धरतात यावर अवलंबून आहे. आणि फडांची आर्थिक स्थिती पाहता फार आशा धरवत नाही.

साधनांचा प्रश्न

या स्मृतीचा इतिहास लिहायचा तर साधने कोणती? चित्रपटांच्या प्रती, सेन्सॉरची कागदपत्रे आणि भित्तिपत्रके पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांत शोधता येतील. ती नटाविषयी सांगतात, प्रेक्षकाविषयी नाही. प्रेक्षकाचे साधन तंबू हे होते व तो आता जवळजवळ उरला नाही. फिरत्या सिनेमाच्या अखेरच्या दिवसांचे चित्रण शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात आहे. गंजलेली प्रक्षेपणयंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात त्यात दिसतात. सटाण्याची देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा आणि मालेगावनजीक चंदनपुरीची खंडोबाची यात्रा आजही भरतात. त्या यात्रांत पूर्वी कोणता खेळ कोणत्या साली लागला, याचे टिपण कोणी ठेवले असण्याचा संभव कमी.

उरते ती माणसे. १९७१ साली विशीत असलेला प्रेक्षक आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. नामपूर परिसरात अशा व्यक्तींच्या मुलाखती घेताना सन-तारीख विचारून उपयोग होत नाही. मौखिक इतिहासाच्या अभ्यासकास हा अनुभव नवा नाही. काळ मोजण्याची त्यांची परिमाणे बहात्तरचा दुष्काळ, आखाजी, अमुक यात्रा, थोरल्या मुलाचे लग्न अशी असतात. प्रश्नावलीही त्याच क्रमाने आखावी लागेल. शिवाय मुलाखत अहिराणीत व्हावी, कारण प्रमाण मराठीत सांगताना माणूस दादांचा प्रसंग सांगतो, तर अहिराणीत तो करून दाखवतो. ध्वनिमुद्रणापेक्षा चलच्चित्रण अधिक उपयोगी ठरेल. स्त्रियांच्या मुलाखती स्वतंत्रपणे घ्याव्या लागतील. 'सोंगाड्या' पाहण्यास त्याही मोठ्या संख्येने गेल्या होत्या, आणि त्या कशाला हसल्या व कशाला मान खाली घालून बसल्या, हे घरातील पुरुषांसमोर त्या सांगतीलच असे नाही.