मनगटाच्या अस्थिभंगावरील प्लेट व सुश्रुताचें भग्नचिकित्सित

वर्धा जिल्ह्यांतील आंजी (मोठी) या गांवीं सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचें ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. ही संस्था १९६९ सालीं स्थापन झाली. अशा कोणत्याही गांवीं पाय घसरून पडणारा मनुष्य सहजच तळहात पुढें टेकतो, आणि अंगठ्याच्या बाजूचें, डॉक्टर ज्यास रेडियस म्हणतात तें हाड मनगटाजवळ मोडतें. त्याचे तुकडे बसवूनही जागीं राहत नसतील, तर हल्लीं शस्त्रक्रिया करून त्यांवर धातूची प्लेट मळसूत्री खिळ्यांनीं बसवितात. ‘हें सर्व सुश्रुतांत आहेच’, असें विधान वैद्यक पोथ्यांच्या संग्राहकांत पुष्कळदां ऐकूं येतें. तें कितपत ग्राह्य आहे, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील पंधराव्या अध्यायांत संधिमुक्ताचे ६ व कांडभग्नाचे १२ प्रकार दिले असून चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय त्यांच्या उपचारांचा आहे. हाड ताणावें, दाबावें, जुळवावें व बांधावें, हा तेथील क्रम. बंधास आधार म्हणून मोह, उंबर, पिंपळ, पळस इत्यादि वृक्षांच्या सालींचे किंवा वेळूचे ‘कुश’ लावावयाचे. बंध सैल राहिल्यास सांधा स्थिर होत नाहीं. फार आवळल्यास सूज, वेदना व पाक होतो, हा इशाराही स्पष्ट आहे. थंडींत सातव्या, समऋतूंत पांचव्या व उन्हाळ्यांत तिसऱ्या दिवशीं बंध बदलावा. मोडलेला तळहात सुधारूं लागल्यावर प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा व बळ आल्यावर दगड धरावयास द्यावा, असेंही सांगितलें आहे. हाड जुळविणें, स्थिर ठेवणें व हात पुन्हा चालता करणें, हीं तिन्ही तत्त्वें येथें निःसंशय आहेत.

परंतु कुश हे त्वचेच्या बाहेरचे. त्वचा चिरून मोडल्या हाडावरच धातूची पट्टी जडविण्याचा विधि या अध्यायांत नाहीं. उलट चूर्णित, म्हणजे चुरा झालेला भंग सुश्रुतानें कृच्छ्रसाध्यांत घातला आहे. आणि प्लेटीची गरज विशेषेंकरून पडते ती अशाच ठिकाणीं. ग्रंथकारानें आपल्या साधनांची मर्यादा प्रामाणिकपणें नोंदविली, हेंच त्याचें भूषण होय.

प्लेटीचा इतिहास निराळा आहे. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यानें १८१४ मध्यें या भंगाचें वर्णन केलें, तें क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वीं ८१ वर्षें, केवळ हातानें चाचपून. हाडावर प्लेट बसविण्याची पद्धति हँबुर्गच्या हान्समान यानें १८८६ सालीं प्रसिद्ध केली. मनगटाच्या मागील बाजूस प्लेट लावल्यास तेथील स्नायुरज्जू घासले जात. ओर्बे व फर्नांडेझ यांनीं २००२ मध्यें तळहाताच्या बाजूनें बसणाऱ्या, खिळे एका कोनांत पक्के धरणाऱ्या प्लेटीचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर ही रीति फैलावली.

नवें तें सर्वत्र श्रेष्ठ, असेंही नव्हे. २०१४ मध्यें ब्रिटनांत ४६१ रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध झाली. ज्यांचें हाड न चिरतां जुळवितां आलें, त्यांच्यांत तारा घातलेले व प्लेट बसविलेले यांच्या हाताच्या उपयोगांत वर्षाअखेर लक्षांत घेण्याजोगा फरक आढळला नाहीं. भंगाचा प्रकार पाहूनच उपाय ठरवावा, हा धडा जुन्यांचाही होता.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, हाडवैद्यांचीं बाडें हातीं आल्यास त्यांतील कुशाचें लांकूड, बंधाचे दिवस व पथ्य जसेंच्या तसें उतरून घ्यावें. पोथींत जें आहे तें पुरेसें मोठें आहे. त्यांत नसलेली प्लेट घुसडून तें मोठें होणार नाहीं, संशयास्पद मात्र होईल.