चवदार तळ्याचे कागद

आमच्या घराण्यात कागदाचं येणं-जाणं फार जुनं, वाचणं मात्र नवं. माझे पणजोबा, म्हणजे आजीचे वडील, सावित्रीच्या खोऱ्यातल्या एका गावचे वतनदार महार. वतनदार हे सरकारदप्तरी. बाकी काम म्हणजे सरकारी टपाल या गावाहून त्या गावी पोचवायचं, साहेब मुक्कामाला आला की घोड्याला गवत आणि चुलीला लाकूडफाटा आणायचा, गावात कुणी गेलं तर सांगावा घेऊन चार कोस चालायचं, आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी गोळा करायची. हातात घुंगराची काठी. आयुष्यभर सरकारचे हुकूम त्यांनी पागोट्यात खोचून वाहिले, आणि एकाचंही अक्षर त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आजी एक गोष्ट हमखास सांगायची. मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले नावाच्या माणसानं आपल्यासाठी पाणी मागितलं, तो कागद आमच्या बानंच पाटलाकडं नेऊन दिला, असं. खरं-खोटं देव जाणे. सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झाला, त्यानंतर तो खाली जिल्ह्यांकडे आणि तालुक्यांकडे गेला, एवढं पक्कं. सरकारी पैशानं बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. असा एखादा कागद पणजोबांच्या पागोट्यातून गेला असेलही. मला तरी तो गेला असं मानायला आवडतं. ज्याच्यासाठी लिहिलं त्यानंच तो न वाचता मैलोन् मैल न्यावा, ही कल्पना मला रात्री-अपरात्री जागं करते.

मी नोकरीभर शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. पुस्तकात माणसाच्या हक्कांचा प्रवास ठरलेल्या मुक्कामांनी येतो. १२१५ साली टेम्सच्या काठी रनीमीडच्या कुरणात इंग्लंडच्या जॉन राजानं मॅग्ना कार्टाला मान्यता दिली, मग १६८९ ची हक्कांची सनद, मग १७८९ चा फ्रान्सचा जाहीरनामा, मग संयुक्त राष्ट्रं. हे सगळं मी मन लावून शिकवत असे. पण मला नेहमी वाटायचं, या मुक्कामांत सावित्रीच्या काठचं महाड का नाही? तिथंही जाहीरनामा झाला होता. आणि रनीमीडच्या सनदेत इंग्लंडच्या भूदासांना फारसं काही मिळालं नव्हतं; महाडचा जाहीरनामा मात्र सगळ्यांत खाली दाबलेल्या माणसांनीच केला.

आजीचा जन्म कधीचा ते तिला ठाऊक नव्हतं. मानमोडीच्या साथीत ती रांगत होती असं तिची आई सांगे, म्हणजे १९२७ साली ती दहाएक वर्षांची असणार. महाडला ती बापाबरोबर चालत गेली. पदराच्या गाठीला नाचणीची भाकरी आणि भाजलेलं सुकट. सुकटाचा वास सगळ्या वाटेवर दरवळत होता, कारण सगळ्यांच्याच गाठोड्यात तेच होतं, असं ती सांगायची. सांगताना तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, मग आम्हाला सुकट भाजायला लावायची, आणि इतिहास तासभर खोळंबायचा.

महाडची अस्पृश्यांची परिषद मार्चच्या १९ आणि २० तारखेला झाली. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्येच, सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना, चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं होतं. तरी तीन वर्षांत आपल्यांपैकी कुणी तिथं ओंजळ बुडवली नव्हती. तळ्यावर गुरं पाणी पीत, इतर धर्मांची माणसं पीत. परिषदेला जमलेल्या माणसांसाठी मात्र पाणी विकत घ्यावं लागलं. आजी हे सांगताना दर वेळी थांबायची. “इकत. पानी इकत. ती सावित्री काय, ती गांधारी काय, दोन नद्या वाहत्यात, आनि पानी इकत.”

२० तारखेला बाबासाहेब आंबेडकर पुढं आणि मागं हजारो माणसं अशी रांग तळ्यावर गेली. तिथंच त्यांनी पाणी घेतलं. मी आजीला विचारायची, पाणी कसं लागलं गं? ती म्हणायची, “पान्यासारकंच लागलं. मला वाटलं व्हतं लय गोड असंल. चवदार म्हनत्यात ना.” मग जरा वेळानं, “पन बा रडत व्हता. मी त्याला रडताना तवाच पायला.”

त्यानंतरचा प्रकार तिला नीट आठवायचा, कारण तो जेवणाचा होता. मंडपात पंगती बसल्या होत्या. ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात उठली आणि लाठ्या घेतलेला जमाव आला. माणसांना मारलं, रांधलेलं अन्न मातीत उधळलं. काहींना मुसलमान घरांनी आसरा दिला. आजीच्या आठवणीत मार खाणाऱ्या माणसांपेक्षा मातीत मिसळलेला भात जास्त ठळक आहे. तांदळाचा भात तिच्या घरी सणालाच शिजत असे. पुढं आयुष्यभर तिनं ताटात शीत टाकू दिलं नाही, नातवंडांना नाही की जावयांना नाही.

नंतर तळं शुद्ध केलं गेलं. पाण्याच्या एकशे आठ घागरी काढल्या, पंचगव्य ओतलं, मंत्र म्हटले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला खुलेपणाचा ठरावही मागं घेतला. कागदानं दिलेलं कागदानंच काढून घेतलं. म्हणून डिसेंबरात पुन्हा महाडला जायचं ठरलं, तर विरोधकांनी १४ डिसेंबरला कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला.

इथं आजीच्या गोष्टीत गुंता होतो. तिच्या लेखी पाणी पिणं आणि ग्रंथ जाळणं एकाच दिवशी झालं. मी तारखा दाखवल्या, मार्च आणि डिसेंबर वेगळे सांगितले, तरी ती मानायची नाही. “सकाळी पानी पेलो, रातीला जाळलं.” मी पुढं वाद सोडून दिला. तिच्या मनात नऊ महिन्यांचा एकच लांब दिवस झाला होता, आणि तो दिवस तिचा होता.

डिसेंबरात बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीनं मुंबईहून दासगावच्या धक्क्यावर उतरले, कारण मोटारवाले बहिष्कार घालतील अशी भीती होती. तिथून महाडपर्यंत माणसं पायी. परिषदेला जागा कुणी देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं दिली. पणजोबा दासगावला गेले होते की थेट मंडपात, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. माझ्या मोठ्या मामाच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी धक्क्यावर कंदील धरला होता. मावशी म्हणते, कंदील-बिंदील काही नाही, ते वाटेत पाय मुरगाळून बसले होते.

२५ डिसेंबरच्या संध्याकाळी बाबासाहेबांनी भाषणात महाडची सभा १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच सभेच्या शेजारी नेऊन बसवली. गिरणीत राबणारी, शेतात खपणारी, मेलेली ढोरं ओढणारी माणसं ऐकत होती, आणि त्यांना सांगितलं जात होतं की तुमची ही सभा त्या सभेच्या तोडीची आहे. मग ठराव आले. पहिला हक्कांच्या जाहीरनाम्याचा. सगळे हिंदू जन्मतः समान दर्जाचे आहेत आणि तसेच राहतील, सगळ्या सत्तेचं मूळ लोकांत आहे, एखाद्या वर्गाची मर्जी म्हणजे कायदा नव्हे, एकाच्या हक्काला मर्यादा फक्त दुसऱ्याच्या तशाच हक्काची, अशा धाटणीचा तो होता. फ्रान्सचा ठसा त्यावर उघड दिसतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. त्यानंतर रात्री मनुस्मृती जाळली.

ज्वाळा लोकांच्या लक्षात राहिल्या. पाणी लक्षात राहिलं. पण आधी काय हवं ते लिहून घेतलं आणि मग जुनं जाळलं, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पोरांना वर्गात मी हा क्रम दर वर्षी फळ्यावर लिहून दाखवत असे, अभ्यासक्रमात असो वा नसो.

मनाई हुकूम मात्र बाबासाहेबांनी पाळला. कलेक्टर स्वतः मंडपात येऊन बोलले, रात्रभर खल झाला, आणि तळ्यावर जायचं रहित करून नुसती मिरवणूक काढली. पुष्कळ जण हिरमुसले. पणजोबाही हिरमुसले असणार. पण ज्या कोर्टाकडून हक्क घ्यायचा त्याचाच हुकूम मोडून तो कसा मागायचा, हा विचार त्यामागं होता.

२७ तारखेला बायकांसाठी वेगळं भाषण झालं. ही आठवण पणजीकडून आजीकडं आलेली. अंगावरच्या ज्या खुणांनी जात दुरून ओळखू येते त्या टाका, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, मुलींना शिकवा. पणजीच्या गळ्यात गळसऱ्यांचा ढीग होता. घरी आल्यावर त्या मोडीत घालून तिनं दोन लुगडी आणि आजीच्या भावाला पाटी आणली. मुलींना शिकवा हे ऐकून येऊनही पाटी मुलालाच, हे आजी न विसरता सांगायची. ती स्वतः अक्षर शिकली ती परळच्या चाळीत, माझ्या आजोबांकडून. रात्रपाळी करून आलेला तो माणूस सकाळी तिला ‘बहिष्कृत भारत’च्या जुन्या अंकातली अक्षरं लावायला बसवायचा.

तळ्याचा दावा चालतच राहिला. महाडचं कोर्ट, ठाण्याचं कोर्ट, मग मुंबईचं हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला निकाल लागला, पाणी पिण्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी असताना. निकाल लिहिणारे ब्रूमफील्ड, हेच १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश. अस्पृश्यांना वगळायची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे फिर्यादींना सिद्ध करता आलं नाही, असं कोर्टानं ठरवलं. पणजोबा तेव्हा हयात नव्हते.

संविधानाचा सतरावा अनुच्छेद, अस्पृश्यता नष्ट करणारा, घटना समितीनं २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर केला. पॅरिसला मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा झाला तो १० डिसेंबरला, म्हणजे अकरा दिवसांनी. पण मी आजीला वाचून दाखवला तो पंधरावा अनुच्छेद. तेव्हा ती पार थकली होती, डोळे गेले होते, कान मात्र शाबूत. राज्याच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर कुणालाही नाकारता येणार नाही. मी वाचत होते आणि बोल्यांचा ठराव मला आतून ऐकू येत होता.

“इहीर लिवलीय?” आजीनं विचारलं.

“हो.”

“तलं?”

“तळं पण.”

“आनि हाटेल? आमाला कान तुटलेल्या कपात चा देयाचे, भाईरच्या बाकड्याव.”

मी वरची ओळ वाचली. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं. तिनं मान हलवली, पण समाधान झालेलं नव्हतं.

“न्हावी?” ती म्हणाली. तिच्या भावाचे केस गावचा न्हावी कापत नसे. तो आयुष्यभर आंब्याखाली बसून भावकीतल्याच एकाकडून डोकं करून घ्यायचा, आणि लहानपणी एकदा वस्तरा लागून त्याच्या कानामागं खोल व्रण पडला होता.

न्हावी हा शब्द त्या यादीत नाही. पण घटना समितीत दुकान म्हणजे काय असं विचारलं गेलं तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा अर्थ रुंद केला होता. येईल त्या कुणालाही मालक आपली सेवा द्यायला तयार असतो, ते दुकान. मी आजीला हे जमेल तसं सोपं करून सांगितलं. तिनं ते मनात घोळवलं.

“म्हंजी न्हावी आला त्यात.”

“आला.”

“मंग वाच फुडं,” ती म्हणाली.